पाह्यलं का आयकलं?

मामू वकिलांना कोणतीही बातमी सांगितली की ते आधी चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, "पाह्यलं का आयकलं?" ऐकलं म्हटलं की चष्मा परत नाकावर. बातमी तिथंच संपली. ऐकीव पुरावा कोर्टात सहसा टिकत नाही, हे सगळ्याच वकिलांना ठाऊक असतं. मामूंनी मात्र तो नियम चहाच्या टपरीवर आणि लग्नाच्या पंगतीतही लावला होता. मुलीसाठी स्थळ सुचवायला आलेला एक पाहुणा या प्रश्नामुळे अर्ध्या चहावरून उठून गेला. हे मी पाहिलेलं आहे.

त्यांचं खरं नाव पाटीवर होतं, पण पाटी वाचून कोणी आलं नाही. वडिलांच्या गॅरेजवर सगळे त्यांना मामू म्हणत, आणि काळा कोट चढला तरी ते नाव उतरलं नाही. मी त्यांचा ज्युनिअर. आमच्या घरात आजोबांपासून सगळे तहसील कचेरीत, त्यामुळे कागदावर माझा फार जीव. मामूंनी पहिले कित्येक महिने मला फाईलला हातच लावू दिला नाही. दारव्ह्याच्या कोर्टाबाहेरच्या बाकावर, पक्षकारांच्या मध्ये, नुसतं बसवून ठेवलं. मी एकदा वैतागून विचारलं, तर म्हणाले, "आधी माणूस आयक. कागद कुठं पळून नाही चालला."

रविवारी ते यवतमाळच्या लॉ कॉलेजात शिकवायला जात. स्वतः तिथंच शिकलेले. त्या कॉलेजचा तोरा मिरवावा असं वरवर काही नव्हतं. ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असे, तो बहुधा रजेवर असे. बाररूममध्ये मात्र देशातलं सर्वांत उच्च दर्जाचं लॉ कॉलेज कोणतं, असा वाद निघाला की मामू बिनदिक्कत यवतमाळचं नाव घेत. कोणी म्हणे, अमक्या कॉलेजातून न्यायमूर्ती निघाले. कोणी म्हणे, तमक्या कॉलेजातल्या मुलांना मोठ्या कंपन्या शेवटच्या वर्षाआधीच उचलतात. मामू शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "मले एक सांगा. त्या कॉलेजच्या गेटवरच्या चौकीदारावर नोटीस आली, तर तो कोणाकडे जाते? आतल्या पोट्ट्यायकडे गेला, तर कॉलेज एक नंबर. बाहेर वकील धुंडत फिरला, तर आत नुसती बिल्डिंग हाये."

या कसोटीला यवतमाळ उतरत होतं, हे खरं. कॉलेजसमोरच्या चहावाल्याला टपरी हटवायची नोटीस आली, तेव्हा वर्गातल्या पोरांनी तिचं उत्तर लिहिण्यावरून एकमेकांशी भांडणं केली होती. टपरी अजून तिथंच आहे.

मग सनाचा नंबर लागला. सना मामूंची एकुलती एक मुलगी. देशातल्या पहिल्या चार-पाचांत गणल्या जाणाऱ्या, दूरच्या एका कॉलेजात तिला प्रवेश मिळाला, आणि अख्ख्या मोहल्ल्यात पेढे वाटले गेले. मामूंनी पेढा खाल्ला नाही. तिनं यवतमाळला शिकावं आणि आपल्या ऑफिसात बसावं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. आपल्या खुर्चीशेजारची जागा तिच्यासाठी मोकळी ठेवली होती. तिथं कोणी पिशवी ठेवली तरी उचलायला लावत.

"अब्बा, लई नावाचं कॉलेज हाये," सना म्हणाली.

"पाह्यलं का आयकलं?"

"मंग चला. पाहूनच घेऊ."

बापाची लेक ती. तिघंही निघालो.

कॉलेज मोठं देखणं होतं. सरावासाठी बांधलेलं कोर्ट तर आमच्या खऱ्या कोर्टाहून चकचकीत. तिथले एक अधिकारी आम्हाला काय काय दाखवत होते, आणि मामू मध्येच गायब. शोधत आलो तर गेटवर, चौकीदाराशेजारी स्टुलावर बसलेले. चौकीदार बिहारचा. गावी भावानं त्याच्या वाट्याचं शेत दाबलं होतं, एवढं मामूंनी तोवर काढून घेतलं होतं.

"यहाँ के बच्चों से पूछा कभी?" मामूंनी विचारलं.

तो ओशाळून हसला. "साहब, वो बच्चे अंग्रेजी में रहते हैं. हम उनसे क्या पूछें?"

सना माझ्या मागेच उभी होती. तिनं ऐकलं. मला वाटलं, झालं, आता पोरगी परत दारव्ह्याला. पण मामू उठले, आत गेले आणि प्रवेशाच्या कागदांवर सही करून आले. परतीच्या गाडीत मी म्हणालो, "मामू, कॉलेज तर नापास झालं ना?"

"झालं ना. म्हून तर पोरगी तिथं ठेवून चाललो," ते म्हणाले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मला त्या क्षणी त्यांची फार माया आली.

पुढं फोनवर ते सनाला जेवलीस का, झोपलीस का, एवढंच विचारत. चौकीदाराचं काय झालं, हे कधीच नाही. मी म्हणायचो, विचारा की एकदा. "पोरगी सांगन, मी आयकन. त्यात काय? पदवी घ्याच्या दिवशी जाऊन पाहीन."

तो दिवस त्यांना मिळाला नाही. शेवटच्या वर्षाच्या थंडीत हृदयानं दगा दिला. सनाच्या पदवीदानाला मामी आणि मी गेलो. गेटवर चौकीदार तोच, मिशा मात्र पांढऱ्या. त्यानं मला ओळखलं नाही. मी मामूंचाच प्रश्न त्याला विचारला: काही अडचण आली तर इथल्या मुलांना विचारता का?

त्यानं मला खालीवर न्याहाळलं. "आपका क्या है, जमीन का कि घर का? आज नहीं होगा. गुरुवार को आइए, बच्चे गुरुवार को बैठते हैं."

मामींना सांगितलं. त्यांनी ओढणीनं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "आमा बायायले कब्रस्तानात जाता येत नाही. तू जाऊन सांग त्यायले. पण ते काय इचारतील, मालूम हाये ना?"

मला ठाऊक होतं. परतीचं तिकीट रद्द करून आम्ही थांबलो. गुरुवारी संध्याकाळी गेटजवळच्या झाडाखाली दोन बाक मांडलेले होते. खानावळीतल्या बाई, माळी आणि बाहेरचीही काही माणसं बसली होती. पहिल्या वर्षाची एक मुलगी मोडक्या हिंदीत माळीदादांना म्हणत होती, "कागज बाद में दिखाइए. पहले आप बोलिए." तिनं मामूंचं नावही ऐकलेलं नसणार. सना मागं उभी होती.

दारव्ह्याला उतरलो आणि घरी न जाता तसाच कब्रस्तानात गेलो. बाकीचं सांगायची गरजच नव्हती.

"पाह्यलं, मामू," म्हणालो.