आवाज एकानेच द्यायचा

आमची मुलगी तेरा वर्षांची होईपर्यंत तिच्या वाटचं मीच बोललो. ऑटोवाल्याशी मी, शाळेत मी, दिल्लीत आमच्या मयूर विहारच्या चाटवाल्याशीही मीच: "एक बिना मिर्च की, बच्ची के लिए." तिच्या बाईंनी एकदा विचारलं, ही बोलते ना? त्याचंही उत्तर मीच दिलं.

त्यामुळे शाळेने फरीदाबादजवळच्या टेकड्यांत चार दिवसांचं साहस शिबिर काढलं तेव्हा मला घोर लागला. ही तिथे पाणी तरी मागेल का? बायको म्हणाली, "तिचं काही अडणार नाही. तुझंच अडेल."

शेवटच्या दिवशी पालकांना बोलावलं होतं. मी पोचल्या पोचल्या सह्याद्रीचा विषय काढला. दिल्लीतल्या मराठी माणसाला टेकडी दिसली की हे होतंच. जन्म गेला सपाटीवर, सिंहगड पाहिला तो पिठलं-भाकरीसाठी, आणि तोंडाने मात्र आम्ही गडकोटांचे वारसदार. "हमारे यहाँ तो ऐसे पहाड़ों पर बच्चे खेलते हैं," मी इतर बापांना ऐकवलं. मग अर्थातच दोराने खाली उतरायला पहिला मीच.

कडा तीन मजल्यांएवढा. दोर चार मुलांनी मिळून धरायचा, मागे प्रशिक्षक, पण आवाज एकानेच द्यायचा, असा तिथला नियम. त्या दिवशी तो मान आमच्या मुलीचा. ती काय बोलणार, म्हणून मीच मुलांना सूचना देत सुटलो. दोन पावलं उतरलो, खाली पाहिलं आणि माझी बोलतीच बंद झाली. तिथेच अडकलो.

"बाबा, खाली नको बघूस. माझ्याकडे बघ. डावा पाय खाली. बिल्कुल बरोबर." मग मागे वळून टीमला, "रुको यार, इतना ढीला नहीं!"

तिच्या शब्दासरशी चौघं दोर सोडत होती, थांबवत होती. असा आवाज आमच्याच घरात राहत होता आणि मला पत्ता नव्हता. जमिनीला पाय टेकले तेव्हा अभिमान वाटला, आणि खरं सांगतो, लाजही वाटली.

संध्याकाळी घराजवळ परतल्यावर चाटवाल्यापुढे मी सवयीने तोंड उघडलं. ती आधीच पुढे झाली होती.

"भैया, एक डबल मिर्च, एक बिना मिर्च की."

त्याने नेहमीसारखी बिनमिरचीची प्लेट तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली आणि माझ्या हातात दिली.