शेवटचे तीनशे मीटर

त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. बाकी सगळीकडे तो फूटपट्टी. हे नाव पाडलं त्याच्या धाकट्या मेहुण्याने, लग्नानंतरच्या दुसऱ्याच महिन्यात. बहिणीच्या घरी नवं कपाट कुठे बसेल यावर चर्चा चालली होती. नवा जावई भिंतीलगत पावलं टाकत गेला आणि म्हणाला, "इथे चार बोटं कमी पडतील." कोणी ऐकलं नाही. कपाट आणलं, चार बोटं कमी पडली. मेहुणा पोट धरून हसला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

गावाबाहेरच्या लहान विमानतळावर तो धावपट्टीची देखभाल करायचा. विमानतळ आपला म्हणायचा म्हणून: पत्र्याचं एक हँगर, दोन खोल्यांची कचेरी, विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेची तीन चिमुकली विमानं आणि कधीमधी एखाद्या अत्यवस्थ रुग्णाला न्यायला येणारं चौथं. धावपट्टी एकच, अकराशे मीटर लांबीची. रोज सकाळी पहिल्या उड्डाणाआधी तो हातात झाडू घेऊन आणि खांद्याला पिशवी अडकवून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचा. खडे, सुटलेले स्क्रू, मेलेले पक्षी पिशवीत जायचे, भेगा वहीत. सव्वीस वर्षं हे चाललं होतं. डांबर उन्हाने कुठे मऊ पडतं, खडी कुठे सुटते, पाणी कुठे साचतं, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं.

पाचशेव्या मीटरला धावपट्टीला उंचवटा होता. जमीन मुळातच तशी होती आणि बांधणाऱ्यांनी तिच्याशी वाद घातला नव्हता. त्यामुळे अलीकडच्या टोकाला उभं राहिलं की पलीकडचं टोक दिसत नसे. त्या टोकापुढे चाळीस मीटर गवत, मग पुरुषभर खोल नाला, मग तारेचं कुंपण. विमानांना याचं काही नव्हतं. उंचवटा येईपर्यंत ती हवेत असायची.

मेहुण्याचं गॅरेज होतं आणि हात सोन्यासारखा होता. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून तो दुखणं सांगायचा. बहिणीवर त्याचा जीव. तिच्या शिवणकामाच्या खोलीत, कापडाच्या तुकड्यांतून वाट काढत, तो आठवड्यातून दोनदा चहाला यायचा. असाच एकदा आला आणि म्हणाला, "भाऊजी, रविवारी तुमच्या पट्टीवर काय असतं?"

"ससे असतात."

"मग आमच्या क्लबला द्या की. एकेकाकडे अशी गाडी आहे की बघत राहावं. पण पळवायची कुठे? रस्त्यावर पळवली तर माणसं मरतात. तुमच्याकडे ना झाड, ना वळण, ना आडवं येणारं कोणी."

हे बोलणं फूटपट्टीला पटलं होतं. पुढे चौकशीत त्याने तसं सांगितलंही. विमानतळाच्या व्यवस्थापकांनाही पटलं, आणि तीन महिन्यांतून एक रविवार क्लबला मिळाला.

पहिल्या रविवारच्या आधी फूटपट्टी तीन दिवस वही घेऊन बसला. क्लबवाल्यांनी वेग सांगितला होता, ताशी दोनशे पस्तीस किलोमीटरच्या आसपास. त्याने भागाकार केला आणि पेन्सिल खाली ठेवली. सेकंदाला पासष्ट मीटर. म्हणजे माणसाने समोरची खूण पाहून पाय ब्रेकवर नेईपर्यंतच पासष्ट मीटर खलास. पुढे ब्रेक उत्तम असले तरी अडीचशे मीटर. टायरखाली बारीक खडी आली किंवा मागून वारा असला, तर आणखी. त्याने कागदावर चार ओळी लिहिल्या: सातशे मीटरवर नारिंगी शंकू ठेवावेत. तिथे ब्रेक दाबलाच पाहिजे. एका गाडीने दोन फेऱ्यांमध्ये वीस मिनिटं थांबावं, म्हणजे ब्रेक गार होतील. वारा पाठीमागून असेल तर पळवू नये.

मेहुण्याने कागद वाचला. "चारशे मीटर नुसते थांबायला? अहो, याच्यावर विमानं उतरतात."

"विमानाला जागा कमी पडली तर ते परत वर जातं. गाडीला ती सोय नाही."

क्लबच्या अध्यक्षांनी, ते इमारती बांधणारे कंत्राटदार होते, कागदावर सही केली आणि हात जोडून आभार मानले. दोन रविवार कागदाप्रमाणे पार पडले. बारा गाड्या एकामागून एक सुटत, उंचवट्यावर क्षणभर हलक्या होत, शंकूंपाशी नाक खाली घालत आणि शेवटी तीसेक मीटर राखून थांबत. फूटपट्टी उंचवट्यावर, पट्टीच्या बाजूला, आग विझवायच्या जुन्या जीपमध्ये बसून राहायचा, कारण दोन्ही टोकं तिथूनच दिसत. त्याला मौज वाटली नाही, पण भीतीही वाटली नाही.

या बाराजणांत एक दातांचे डॉक्टर होते. चाळिशीचे, बोलायला मऊ. दवाखान्यात जायला त्यांच्याकडे साधी गाडी होती, पळवायची गाडी आठवडाभर आच्छादनाखाली असायची. त्यांची बायको घडीच्या खुर्चीत पुस्तक वाचत बसायची आणि नवऱ्याची फेरी आली की पानात बोट घालून वर बघायची. फेरीआधी धावपट्टीवर काही पडलंय का, हे फूटपट्टीला येऊन विचारणारे तेवढे एकटेच होते.

तिसऱ्या रविवारी अध्यक्षांचा वेग दोनशे एकेचाळीसवर अडला. त्यांना अडीचशे हवे होते. शंकू शंभर मीटर पुढे गेले तर होतील, असं कोणीतरी म्हणालं. मेहुणा चालत गेला आणि एकेक शंकू उचलून आठशेवर ठेवू लागला.

फूटपट्टी जीपमधून खाली उतरला. मेहुण्याने लांबूनच तळहात दाखवला आणि ओरडून म्हणाला, "शंभरच मीटर, भाऊजी!" उंचवट्याजवळ उभे असलेले क्लबातले काहीजण हसले. सकाळीच बायकोने शर्टाचं बटण लावून देताना म्हटलं होतं, "चारचौघांत त्याला बोलू नका हं. त्या लोकांमुळे गॅरेज चाललंय त्याचं." फूटपट्टी थोडा वेळ उभा राहिला. मग परत जीपमध्ये जाऊन बसला.

पुढची अर्धी दुपार काही झालं नाही. वाऱ्याची दिशा दाखवणारी खांबावरची कापडी पिशवी हळूहळू वळली आणि वारा गाड्यांच्या पाठीमागून येऊ लागला. फूटपट्टीने ते पाहिलं. ही फेरी झाली की जाऊन थांबवायचं, असं त्याने ठरवलं. ती फेरी डॉक्टरांची होती, अर्ध्या तासातली तिसरी.

गाडी उंचवट्यावरून गेली तेव्हा तिच्या चाकांखाली उजेड दिसल्यासारखा त्याला वाटला. ती जुन्या खुणेवरून गेली, नव्या शंकूंपाशी पोचली, मागचे लाल दिवे लागले. दिवे लागले पण नाक खाली गेलं नाही. चाकांतून पांढरा धूर निघाला. ब्रेक तापून हात वर करून बसले होते. फूटपट्टीने त्याच क्षणी जीप सुरू केली. ती गाडी गवतात शिरताना त्याला दिसली, मग नाल्याने तिला गिळलं. आवाज नंतर आला.

तो पोचला तेव्हा गाडी नाल्यात एका कुशीवर पडली होती आणि पेट्रोलचा वास सुटला होता. त्याने आधी फेस मारला, मग उतरून फुटलेल्या काचेतून आत वाकला. डॉक्टर शुद्धीवर होते. उजवा हात स्टिअरिंग आणि दाराच्या मध्ये सापडला होता.

"थांबली का गाडी?" त्यांनी विचारलं.

"थांबली. हलू नका."

त्याने पट्टा कापला आणि एका हाताने त्यांचं डोकं धरून ठेवलं. लोक धावत आले. डॉक्टरांच्या बायकोच्या हातात पुस्तक तसंच होतं. ती नाल्याच्या काठावर बसली आणि खाली उतरू लागली. हात सोडवायला चाळीस मिनिटं लागली. सोडवला तो मेहुण्यानेच, दाराच्या बिजागऱ्या कापून. मग त्याने अवजारं एकेक पुसून पेटीत ठेवली.

डॉक्टर वाचले. हातही राहिला, पण तीन बोटं वाकेनात.

दहा दिवसांनी चौकशीला एक अधिकारी बाई आल्या. त्यांच्यापुढे क्लबने दिलेला कागद होता. त्यात लिहिलं होतं की शंकू ठरल्या जागी होते आणि चालकाने ब्रेक उशिरा दाबला. खाली सगळ्यांच्या सह्या होत्या, मेहुण्याचीही. आदल्या संध्याकाळी बायकोने शिलाई मशीनवरून मान न उचलता विचारलं होतं, "तुम्ही काय सांगणार?"

"झालं ते."

"त्याचं नाव येईल."

"माझंही येईल."

मशीन बराच वेळ चालत राहिलं. मग ती म्हणाली, "मग नीट सांगा. अर्धवट सांगू नका."

त्याने नीट सांगितलं. शंकू कुठे होते, कोणी हलवले, कोणाच्या सांगण्यावरून. वारा केव्हा फिरला. आणि हे सगळं पाहणारा, थांबवायचा अधिकार असलेला एकच माणूस तिथे होता आणि तो जीपमध्ये बसून राहिला.

"का बसून राहिलात?" बाईंनी विचारलं.

"मेहुणा आहे माझा. लोक हसले. मलाही ओशाळल्यासारखं झालं." त्याने थोडा विचार केला. "दुसरं काही कारण नाही."

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. विमानतळ गाड्यांना कायमचा बंद झाला. अध्यक्षांवर खटला उभा राहिला. मेहुण्याच्या गॅरेजचा परवाना वर्षभरासाठी गेला. फूटपट्टीला लेखी ताकीद मिळाली आणि पुढची बढती राहिली, ती राहिलीच. मेहुण्याने बहिणीचा उंबरा सोडला. ती दर आठवड्याला एकटीच त्याच्याकडे जायची आणि परत आल्यावर तिकडचं काही सांगायची नाही. फूटपट्टी विचारायचा नाही.

पुढच्या वर्षी एका सकाळी डॉक्टर विमानतळावर आले. दवाखाना त्यांनी एका भागीदाराला दिला होता आणि स्वतः ते दंतमहाविद्यालयात शिकवायला लागले होते. त्यांना धावपट्टी चालत पाहायची होती. परवानगी काढून दोघे निघाले. उंचवट्यावर डॉक्टर थांबले. "गाडीतून हे जाणवतसुद्धा नाही," ते म्हणाले. आठशेच्या खुणेपाशी ते पुन्हा थांबले आणि समोर पाहत राहिले. नाला तिथून अगदी जवळ दिसत होता.

"मला कोणी ढकललं नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "शंकू पुढे गेलेले मलाही दिसले होते. मला वाटलं, अध्यक्षांनी केलंय म्हणजे बघूनच केलं असेल."

"मी येऊन सांगितलं असतं तर थांबला असता?"

"तुम्ही सांगितलं असतं तर थांबलो असतो."

फूटपट्टीने मान हलवली. ते दोघे शेवटपर्यंत चालत गेले आणि परत आले.

मेहुणा दारात उभा राहिला तो दीड वर्षाने, ऐन दुपारी, कामाच्याच कपड्यांत. आत ये म्हटलं तरी आला नाही. क्लबातले उरलेले लोक दुसऱ्या एका गावी जमले होते. तिथली बंद पडलेली धावपट्टी त्यांना मिळाली होती. गाड्या तपासायला त्यांनी त्याला बोलावलं होतं.

"लांबी किती?" फूटपट्टीने विचारलं.

"म्हणे नऊशे." मेहुण्याने चौकटीवर हात ठेवला. "भाऊजी, तुम्ही चालून बघाल का?"

बायकोने आतून त्याची टोपी आणून दिली.

नऊशे नव्हतीच ती. आठशे साठ भरली आणि शेवटच्या शंभर मीटरमध्ये डांबरातून झुडपं वर आली होती. मेहुणा वही धरून मागोमाग चालत होता, आकडे लिहीत होता. कडेला क्लबचे सहा-सातजण कडक कपड्यांत उभे होते. मेहुणा त्यांच्यापाशी गेला आणि म्हणाला, "इथे मी एकही गाडी तपासणार नाही. ऐंशीच्या वर जाणार नसाल तर सांगा, तेवढी तपासून देतो."

"ऐंशीने तर माझी आईसुद्धा चालवते," त्यातला एकजण म्हणाला.

"मग त्यांना आणा."

चारजण तिथूनच निघून गेले. उरलेल्यांनी शंकू वाकडेतिकडे मांडले आणि त्यांच्यामधून सावकाश गाड्या वळवायचा खेळ सुरू केला. तो तिथे अजून चालतो, असं मेहुणा सांगतो. मजा येत नाही म्हणून बरेचजण सोडून गेले, असंही सांगतो.

परतताना मेहुणा गाडी चालवत होता आणि फूटपट्टी शेजारी बसला होता.

"ताईला फोन करा," गाव जवळ आल्यावर मेहुणा म्हणाला. "जेवायलाच येतो म्हणावं."