सुकटीचे मानधन

आमच्या बोईसरच्या कॉलेजच्या बेसबॉल संघातली पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी, कधीही अर्ज हातात देत नसे, चुरगाळून, "झेला सर!" म्हणत माझ्या टेबलावर फेकी. फीमाफी नऊच मुलींना, हा नियम प्राचार्य म्हणून माझाच. मैदानात नऊ खेळतात एवढेच मला ठाऊक होते. त्यामुळे दहावी मुलगी, चेंडू झेलणारी राखीव कॅचर, वगळली गेली.

पुढे एका सुक्या मासळीच्या व्यापाऱ्याने पिचरचा फोटो पाकिटांवर छापला आणि मानधन म्हणून दोन गोणी सुकट दिली. तिने ती थेट माझ्या कार्यालयात आणली.

"सर, माजी माफी त्या कॅचरला द्या. माजी फी ही घ्या."

"फी सुकटीत घेता येत नाही."

"मंग नियम बदला. तवर गोनी हितून हालनार नाय."

तासाभरात मी नवाचे दहा केले. वासामुळे केले, असे मी सर्वांना सांगतो. खरे तर मला लाज वाटली होती.