फॉर्मवाल्या गाडीचे पॉइंट

"बसा. काम करा. हात कुठी जाते ते मले पाहू द्या."

गाडीत प्लगचे पॉइंट बसवणारा माणूस ड्रिल खाली ठेवून समोरच्या बाकावर मांडी घालतो आणि असं म्हणतो, तेव्हा पहिल्या दिवशी हसू येतं. दुसऱ्या दिवशी येत नाही. तिसऱ्या दिवशी डोकं फिरतं.

चंद्रपुरात परकोटाच्या आत त्यांचं दुकान होतं. एक शटर, एक टेबल आणि बाहेर एक गाडी उभी राहील एवढी जागा. ट्रक, बोअरवेलच्या गाड्या, लग्नातल्या बँडच्या गाड्या, सगळ्यांची वायरिंग ते एकटे करायचे. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही म्हणायचो.

आमची गाडी वेगळी होती. गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांत जाऊन बारावी झालेल्या मुलांचे प्रवेशाचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचे, हे आमच्या संस्थेचं काम. जुन्या लांब व्हॅनमध्ये झोपायला दोन बाक, एक टेबल आणि छोटा गॅस होता. ड्रायव्हर आणि मी चार-चार दिवस तिच्यातच राहायचो. दोन लॅपटॉप, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, दोघांचे मोबाइल, आणि प्लग एकच, तोही ड्रायव्हरच्या सीटपाशी. गावातली लाइट गेली की आम्ही नुसते बसून. म्हणून दुसरी बॅटरी, इन्व्हर्टर आणि सहा पॉइंट बसवायचं ठरलं.

नर्सिंगच्या फॉर्मची शेवटची तारीख बारा दिवसांवर होती. चार गावांना आम्ही कळवून ठेवलं होतं की गाडी तुमच्याकडेच येते, तालुक्याला जाऊ नका. काम तीन दिवसांचं. हिशेब बरोबर बसत होता.

"भाऊ, अर्जंट आहे," मी म्हणालो.

"हो ना. होते."

सकाळी त्यांनी टेबलाजवळ दोन भोकं पाडली आणि मग अचानक थांबले. "आता मी गावचा माणूस. माझा फॉर्म भरा."

"भाऊ, कशाला?"

"भरा म्हणतो ना. शिक्षण इचारा."

"बरं. शिक्षण?"

"तिसरी. ते बी दोनदा."

ड्रायव्हर खो खो हसायला लागला. मी वैतागून म्हणालो, "मग तुम्हाला नर्सिंगला प्रवेश नाही."

"नाई त नाई. पण बसाले जागा त द्याल का नाई?"

ते बसले, कागद काढल्यासारखं केलं, उठले. उठताना लॅपटॉपच्या वायरीत पाय अडकला आणि लॅपटॉप टेबलाच्या टोकापर्यंत सरकला. तो त्यांनीच धरला. "पाहा सर. पॉइंट भिंतीवर नसते. हात जाते अन पाय जात नाई, तिथी असते."

मग सकाळची दोन्ही भोकं त्यांनी बुजवली.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला गाडीत चहा करायला लावला, वाफ कुठे जाते ते पाहायला. एक पॉइंट सरकला. नंतर स्वतः ओली छत्री घेऊन चढले. दुसरा सरकला. प्रत्येक पॉइंटला वेगळा फ्यूज. प्रत्येक वायर जोडली की दोन्ही हातांनी ओढून पाहणार. "तिकडं रस्ता खराब हाय. गाडी हालते त वायर बी हालते."

"भाऊ, अर्जंट आहे हो!"

"करूनच राह्यलो ना."

तुम्हीही असा कारागीर पाहिला असेल. त्याचं काम पाहून तोंडात शब्द येत नाही, आणि वेळ पाहून शिवी येते. तीन दिवसांचे नऊ झाले.

उरलेल्या तीन दिवसांत तीन गावं झाली. लॅपटॉप, प्रिंटर, सगळं सुरळीत चाललं, आणि त्याचा मला जास्तच राग येत होता. एटापल्लीच्या पलीकडच्या चौथ्या गावात आम्ही पोचलो ते तारीख उलटल्यावर, सकाळी.

तिथली एकच मुलगी होती. भाताची रोवणी सोडून आली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. तिचे वडील म्हणाले, "तीन दिवस वाट पाह्यली तिनं. रोज सडकेवर येऊन बसे."

मी साइट उघडून दाखवली. मुदत संपली, असं लिहिलेलं तिने दोनदा वाचलं.

"मंग आता?"

"पुढच्या वर्षी."

तिने पिशवीला गाठ मारली आणि पुन्हा भाताच्या बांधीत उतरली. रोवणी अर्धी राहिली होती.

चंद्रपूरला परतलो तो थेट दुकानात. "तुमच्या हात पाहण्याच्या नादात एका मुलीचं वर्ष गेलं, भाऊ!"

ते वायर सोलत होते. पक्कड खाली ठेवली. "कोणची पोरगी?"

मी सगळं सांगितलं.

"तारीक होती?"

"होती म्हणजे? फॉर्मला तारीख असतेच."

"मंग मले काऊन नाई सांगतली?"

"अर्जंट आहे म्हणून रोज सांगितलं ना!"

"अर्जंट त सारेच म्हणतेत, सर. बँडवाला बी म्हणते. तारीक सांगतली असती त दोन पॉइंट देऊन गाडी सोडली असती. दोनावर फॉर्म भरते. बाकीचे मंग केले असते."

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांच्या तोंडावर देण्यासारखं नव्हतं. ऑनलाइन प्रवेश, फेरी, मुदत हे या माणसाला काय कळणार, असं मी धरून चाललो होतो. माझ्या वडिलांना तहसीलच्या खिडकीतून कारण न सांगता 'उद्या या' म्हणत, तेही असंच धरून. वडिलांनी मला शिकवलं. घरात पहिला पदवीधर मी झालो, आणि खिडकीच्या आत बसल्यावर मीही तेच केलं.

पुढच्या जूनमध्ये त्यांचाच फोन आला. "यंदाची तारीक?" ती त्यांनी दुकानाच्या भिंतीवर खडूने लिहिली. गाडी एका दिवसात तपासून दिली.

"ते पोरगी हाय ना यादीत?"

"पहिलं गाव तिचंच."

"मंग थांबले काऊन? जा."

तिचा फॉर्म भरला. पावतीची एक प्रत तिला दिली, एक भाऊंसाठी काढली. बाकीची गावं करून वीस दिवसांनी दुकानात गेलो तर शटर खाली होतं. शेजारच्या चहावाल्या बाईंनी सांगितलं, "भाऊ त गेले ना. आठ दिवस झाले. सकाळी चहा घेतला, शटर उघडाले उठले, अन इथीच बसले." मग माझ्या गाडीकडे पाहून म्हणाल्या, "काही बिघाड हाय का? बसस्टँडजवळ दुसरा हाय एक."

बिघाड काही नव्हता. मी पावती काढून बाईंपुढे धरली. त्यांना कशाचं काही कळेना. तरी मी त्यांना सांगत राहिलो, ती मुलगी कोणती, गाव कोणतं, शेवटची तारीख काय होती, आणि आम्ही तिचा फॉर्म किती दिवस आधी भरला. गाळणी हातात तशीच धरून त्या ऐकत होत्या.