मिशीचा पगार

नाटकातल्या बाईला एवढा पगार कशाला, असं लोक मला अजून विचारतात आणि मी अजून चिडतो. बाई म्हणजे पुरुषच. आमच्या काळी लुगडं नेसून गाणारा पुरुषच असायचा, त्याला स्त्रीपार्टी म्हणत. चिडतो अशासाठी, की हाच प्रश्न मी आमच्या मालकांना रोज सकाळी दात घासता घासता विचारत असे.

मी राजापार्टी. भाषणं माझी, तलवार माझी, ऋषी शाप देणार तो मला. बाईसाहेब, म्हणजे आमचा स्त्रीपार्टी, आम्ही त्याला चिडवायला तसं म्हणायचो, यायचे, पद म्हणायचे, वन्स मोअर पडायचा, की तेच पद पुन्हा. तोवर मी त्याचा हात धरून उभा. एकदा तर माझा पाय झोपला आणि विरहाच्या प्रवेशात मी लंगडत गेलो. आणि पगार? माझा सांगायला मला लाज वाटते. पंगतीत आम्हाला आमटी-भात, त्याच्या पानावर तूप वेगळं, निजताना सायीचं दूध. आगगाडीत आम्ही तिसऱ्या वर्गात पडद्यांच्या गाठोड्यांवर, हा दुसऱ्या वर्गात. माझा जीव नुसता जळायचा.

कल्याणच्या मुक्कामात आम्ही सगळे टिटवाळ्याच्या गणपतीला गेलो. येताना बाईसाहेबांनी हिरव्या चिंचा खाल्ल्या, अगदी चाटूनपुसून. दुसऱ्या दिवशी गळा साफ बसला आणि खेळ शनिवारी. मालक डोक्याला हात लावून बसले होते. मी म्हटलं, आता बघा, एका गळ्यावर नाटक मंडळी चालवली की असं होतं.

"मग तूच कर," मालक म्हणाले. "पदं पाठच आहेत तुला. निभावलंस तर त्याचा पगार तुला. तूपसुद्धा."

तूप ऐकून मी हो म्हटलं, आणि मालकांनी न्हाव्याला बोलावणं पाठवलं.

मिशीचं माझ्या ध्यानातच नव्हतं. आमच्यात मिशी उतरायची ती आईबाप गेल्यावर, एरवी नाही. माझी आई मी लहान असतानाच गेलेली. तेव्हा मी मिशी नसलेलं तोंड घेऊन हिंडलो तर त्याचा अर्थ एकच होता, आणि तो अर्थ ठाण्याला टेंभी नाक्याजवळ पान चघळत सुखरूप राहत होता.

न्हाव्यानं तोंडाला पाणी लावलं आणि विचारलं, "वडील कधी गेले?"

"आहेत," मी म्हटलं.

त्यानं वस्तरा खाली ठेवला. मालकांनी त्याला चार आणे जास्त कबूल केले तेव्हा कुठे देवाचं नाव घेत, दुसरीकडे बघत त्यानं माझी मिशी काढली. दुसरीकडे बघितल्यामुळे ओठही कापला.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून केसांचा टोप येणार होता, तो घ्यायला मी डोक्याला पागोटं गुंडाळून स्टेशनवर गेलो. नाशिककडून आलेली गाडी उभी होती आणि खिडकीत आमच्या घरचे भटजी. महिनाभर त्र्यंबकेश्वरला राहून ठाण्याला परत चालले होते. मला पाहिलं मात्र, त्यांचा चेहरा उतरला.

"कधी?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, खेळाचं विचारताहेत. "शनिवारी," मी म्हटलं.

"कुठं?"

"इथंच. तळ्याकाठी."

"आणि मला कळवलंसुद्धा नाहीस?"

"भटजीबुवा, तुम्ही कसले येताय असल्या ठिकाणी?"

गाडी हलली. भटजींनी डोळ्यांना उपरणं लावलेलं मी पाहिलं. नाटक चुकणार म्हणून माणूस एवढा हळहळतो, म्हणजे भटजी रसिक आहेत, असं म्हणत मी टोप घेऊन परत आलो.

पुढचं मला बाबांकडून कळलं. ते एकटेच राहत, आणि नेमके त्या आठवड्यात डोंबिवलीला आत्याकडे गेले होते. त्यामुळे भटजींनी आळीत बातमी सांगितली ती कुणाला खोटी वाटली नाही. मी येईन म्हणून माणसं आमच्या ओटीवर जमली. ज्या घरात माणूस गेलं तिथे चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्या काकूंनी पिठलं-भात आणून ठेवला. दिवेलागणीला बाबा परत आले तर दारात ही गर्दी.

"कोण गेलं?" बाबांनी विचारलं.

"ह्या घरातले म्हातारे," कुणीतरी मान वर न करता म्हणालं.

बाबा खाली बसले. त्यांना ऐकायचं होतं. म्हातारे खाष्ट होते, पण मनानं वाईट नव्हते, इथपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं. मग पिठल्याचं भांडं ओढलं आणि जेवायला लागले. काकूंनी कंदील पुढे केला आणि भटजी ओटीवरून खाली पडले.

सकाळच्या गाडीनं बाबा कल्याणला, आमच्या बिऱ्हाडात हजर.

"मी मेलो, हे मला शेजाऱ्यांकडून कळावं?" ते म्हणाले. "कशासाठी रे हे?"

मी बोट दाखवलं. कोपऱ्यात बाईसाहेब गळ्याला फडकं बांधून हळदीचं दूध पीत बसला होता. "त्याच्या पगारासाठी," मी म्हटलं.

बाबा त्याच्याकडे वळले. "तुमचे वडील?"

"आहेत," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"मग तुमची मिशी?"

"उगवली तशी काढत आलोय. वडील घरात घेत नाहीत. मुलगा मेला असं सांगतात लोकांना." त्यानं दुधाचा घोट घेतला. "मनिऑर्डर मात्र सही करून घेतात."

बाबांनी पानाचा डबा काढला. मग मालकांना विचारलं, ह्याला देता किती. मालकांनी अभिमानानं आकडा सांगितला.

"कमी आहे," बाबा म्हणाले. आणि आपल्या डब्यातलं पान लावून त्याला दिलं. मला दिलं नाही.

शनिवारी मी लुगडं नेसून उभा राहिलोच. आंबिवलीपर्यंतच्या गावांतल्या बैलगाड्या बैल सोडून मांडवाबाहेर उभ्या होत्या. पहिलं पद संपलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या पदाला एक जण उठून म्हणाला, आमची बाई कुठाय? तिसऱ्या पदाला बाहेर बैल जुंपल्याच्या घुंगरांचा आवाज माझ्या आवाजापेक्षा मोठा येत होता. ती सगळी माणसं त्या एकट्यासाठी येत होती, आणि इतके दिवस मी तिथे उभा राहूनही मला ते दिसलं नव्हतं. मला रडू फुटलं. तेवढाच माझा अभिनय त्या रात्री खरा झाला. बाबा शेवटपर्यंत बसले. जाताना म्हणाले, "वाढव आता. मी आहे अजून."

मिशी वाढली, मी पुन्हा राजा झालो, आणि तुपाबद्दल चकार शब्द काढला नाही.

काही वर्षांनी बाबा खरंच गेले. आळीत कुणाला खरं वाटेना. दोघे-तिघे तर हसत आले. काकू पिठलं आणायच्या आधी दारातून डोकावून खात्री करून गेल्या. मंडळीतून समाचाराला एकटा बाईसाहेब आला, आणि माझ्याच पानात माझ्याबरोबर ते पिठलं जेवला.

दिवस झाल्यावर मी कल्याणला परतलो. पारावर तोच न्हावी कुणाची तरी दाढी करत बसला होता. माझं तोंड पाहून हसला.

"पुन्हा बाई वाटतं? आणि दुसऱ्या न्हाव्याकडून?" तो म्हणाला. "ह्या खेपेला काय देणार मालक?"

"काही नाही," मी म्हटलं. "ह्या खेपेला फुकट काढली."

त्यानं वस्तरा खाली ठेवला.