चार नंबरची खोली

१८ नोव्हेंबर, मंगळवार. हजर: मी, सिस्टर, तपासणीला आलेले साहेब, उदगीरची एक आई आणि तिची नऊ वर्षांची मुलगी. मुलीचे वडील खाली रिक्षातून गादी काढत होते.

लातूरला दवाखान्यामागे आमच्या आठ खोल्या आहेत. ज्या लेकरांचा आजार आता बरा होणार नाही, त्यांनी इथं आईबापांसोबत राहायचं, घरच्यासारखं जेवायचं, आणि दुखणं वाढलं तर सिस्टर चार पावलांवर. खोल्यांना आणि सिस्टरच्या पदाला सरकारचं साहाय्य आहे. अट एकच: खोली सलग तीन महिने रिकामी राहिली तर ती साहाय्यातून वगळणार.

चार नंबर रिकामी होऊन अडीच महिने झाले होते. तिथं कंधारकडचा एक मुलगा वारला. एरवी मुलांचा शेवट दवाखान्यात होतो, नाहीतर गावी. खोलीत गेलेला तो पहिलाच. आईच्या मांडीवर शांत गेला, म्हणजे खोली ज्यासाठी आहे ते काम तिनं केलं, असं मी अहवालात लिहिलं. पण त्याच्या आजोबांनी गावात विचारलं, तर मुलगा गेला त्या वेळचं नक्षत्र वाईट निघालं. स्वतःचं घर असतं तर त्यांनी ते काही महिने बंद ठेवलं असतं. ही बातमी सामायिक स्वयंपाकघरात पोचली आणि त्या खोलीत राहायला कुणी तयार होईना.

मी भिंती रंगवल्या, पडदे बदलले. मग पाट्याच बदलल्या, चारची सात आणि सातची चार. सातमध्ये राहणाऱ्या बाईनं दोन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, बायका काय पाट्या वाचून राहतात का?" पाट्या परत जागेवर लावल्या.

साहेब भांडले नाहीत. पंधरा दिवसांत भरा, नाहीतर सात खोल्यांचंच पत्र निघेल, म्हणाले आणि चहा मागितला.

बाकीच्या सातही भरलेल्या होत्या. उदगीरच्या मुलीचं दुखणं पाठीत उतरलेलं. गावात औषध देणारं कुणी नाही, दर वेळी जीपनं लातूर गाठायचं, आणि जीपच्या प्रत्येक धक्क्याला ती ओरडायची. तिला खोली त्याच दिवशी हवी होती. लपवून उपयोग नाही हे कळलं होतं, म्हणून मी साहेबांसमोरच सगळं सांगितलं, नक्षत्रासकट.

तिच्या आईनं ऐकून घेतलं. लिंगायत घरातली होती.

"आमच्यात सुतक पाळत न्हाईत, मॅडम. आन् गेलं ते लेकरूच नव्हं? लेकराला काय भ्यायचं?" मग खिडकीतून खाली नवऱ्याला म्हणाली, "आना की गादी वर. रिक्षावाला काय मुक्कामाला आलाय का?"

मुलीनं सिस्टरना सुई देणार का विचारलं. पातळ औषध आहे, प्यायचं, असं त्या म्हणाल्यावर तिनं खिडकीकडची बाजू मागून घेतली. साहेबांनी रजिस्टरमध्ये 'भरलेली' असं लिहिलं. मला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी ती आई माझ्या टेबलाशी आली. मुलगी झोपली होती, बऱ्याच दिवसांनी सलग.

"आमच्यात गेलेल्याला बसवून नेत्यात," ती हळू म्हणाली. "शेतात मूठमाती देत्यात. गाडी तसली पायजे. आधीच सांगून ठेवा."

मी नियम दोनदा वाचले. सरकारी गाडी गावाहून इथं आणते, जिवंत माणसाला परतही नेते. त्यापुढचं काही लिहिलेलं नाही. म्हणजे खासगी गाडी बघायची. एका ड्रायव्हरचा नंबर मिळवला आणि कामांच्या यादीत लिहिलं: गाडी, उदगीर, बसवून.

त्याला अकरा दिवस झाले. मुलगी खिडकीत बसून रस्त्यावरच्या कुत्र्यांना नावं देते. रोज यादीतली बाकीची कामं होतात आणि ही ओळ मी दुसऱ्या दिवशीच्या पानावर उतरवून घेते. फोन केला की ड्रायव्हर पहिल्यांदा विचारणार, कधी न्यायचंय. तो फोन अजून करायचा आहे.