पुठ्ठ्याच्या कपाटातल्या डेमोताई

थर्माकोलच्या फ्रिजचं दार उघडं राहिलं, की आमच्या डेमोताई केबिनमधून ओरडायच्या, "अरे, गारवा बाहेर चाललाय!" त्या फ्रिजला गारवा सोडाच, तळसुद्धा नव्हता. तरी नवीन माणूस धावत जाऊन दार लावायचा.

आमच्या डिझाइनच्या ऑफिसात कोणत्याही वस्तूचा आधी खोटा नमुना बनायचा. ताईंपुढे मात्र 'खोटा' म्हणायची सोय नव्हती. "खोटा नाय रे, खरा व्हायचा राहिलाय," त्या बजावायच्या. एकदा लाकडी किटलीतून त्यांनी मला रिकामा कप भरून दिला. मी फुंकर मारून प्यायलो. वर "साखर जरा कमी आहे," असंही म्हणालो. त्या दिवसापासून मी त्यांचा लाडका.

त्यांचा खरा जीव अडकला होता बोलक्या चौकशी-यंत्रात. प्रवाशाने विचारायचं, यंत्राने गाडीची वेळ सांगायची. पण लोक यंत्राशी बोलतील का, हे पाहिल्याशिवाय साहेब मंजुरी देणार नव्हते. म्हणून पुठ्ठ्याचं कपाट रंगवून बसस्टँडवर उभं केलं आणि आत वेळापत्रक घेऊन ताई बसल्या. आत माणूस आहे हे लोकांना कळलं, की चाचणी बाद. ताई इतक्या सपाट आवाजात बोलायच्या, की बाहेर उभा असलेला मीच चक्रावून जायचो.

साहेब निकाल बघायला आले ते नेमके खंडेनवमीला. गाड्यांची पूजा करत आलेल्या हमालांनी आमच्या यंत्रालाही झेंडूचा हार घातला, हळदीकुंकू वाहिलं आणि फटीत उदबत्त्यांचा जुडगा खोचला. मी "नको, नको" म्हणेपर्यंत यंत्र सटासट शिंकायला लागलं.

"मशीनीला लई सर्दी झाली की!" फुलंब्रीच्या एक मावशी कळवळल्या.

तेवढ्यात पुठ्ठ्याचं दार ढकलून ताई डोळे चोळत बाहेर आल्या. वर्षभराची मेहनत गेली!

मावशींनी त्यांना खालून वर न्याहाळलं. "तू हायेस व्हय आत? बरं झालं. आमची फुलंब्रीची गाडी लागली का, बाई?"

"आपली गाडी फलाट तीनवर लागली आहे," ताई थेट यंत्राच्या आवाजात. रांग जागची हलली नाही. मागच्याने लगेच विचारलं, "अन् वेरूळची?" साहेबांना हसू आवरेना. यंत्र मंजूर झालं, फक्त आवाज हाच हवा म्हणाले.

आता खरं यंत्र उभं आहे आणि ताई बंगळूरला नोकरीला गेल्या आहेत. फार आठवण येते त्यांची. काल मुद्दाम स्टँडवर गेलो. आजूबाजूला कुणी नाही बघून हळूच म्हणालो, "ताई, तुमच्याशिवाय करमत नाही हो."

"सिल्लोडची गाडी पाच मिनिटांत सुटेल."

माझं घर पडेगावला, अगदी उलट्या दिशेला. पण ताईंनी सांगितलं म्हणून मुकाट्याने जाऊन बसलो.